वाद्य, पदपथ आणि मनोरुग्णालय : ‘द सोलोइस्ट’ या चित्रपटामागील इतिहास

प्रास्ताविक

‘द सोलोइस्ट’ हा इंग्रजी चित्रपट २४ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. लॉस एंजेलिस शहरातील एक बेघर व मनोरुग्ण वादक आणि त्याच्याविषयी वर्तमानपत्रात लिहिणारा एक स्तंभलेखक यांच्यातील स्नेहाची ही कथा आहे. ती कल्पित नाही. वादक नॅथॅनिएल एअर्स यांचा जन्म १९५१ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. स्तंभलेखक स्टीव्ह लोपेझ यांनी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या दैनिकात २००५ पासून त्यांच्यावर लेख लिहिले, २००८ मध्ये त्या लेखांचे पुस्तक झाले आणि पुस्तकावरून सुझॅना ग्रँट यांनी पटकथा रचली. दिग्दर्शन जो राइट या ब्रिटिश दिग्दर्शकाचे असून एअर्स यांची भूमिका जेमी फॉक्स यांनी, तर लोपेझ यांची रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी केली आहे.

या चित्रपटाची चर्चा बहुधा मैत्रीची ऊब आणि संगीताचे सामर्थ्य या दोन अंगांनी केली जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र निराळा प्रश्न पडतो. न्यूयॉर्कमधील ज्युलियार्ड या ख्यातनाम संगीतशाळेचा विद्यार्थी अमेरिकेतील एका संपन्न शहराच्या पदपथावर, दोन तारा उरलेले व्हायोलिन घेऊन, कसा पोहोचतो? त्यास छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) जडली, हे चित्रपटाचे उत्तर आहे. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. छिन्नमनस्कता हा विकार सर्व देशांत आणि सर्व काळांत आढळतो. तो जडलेला मनुष्य रुग्णालयात राहील, घरी राहील की रस्त्यावर, हे मात्र विकारावर अवलंबून नसते. ते कायदा, अंदाजपत्रक आणि नगररचना यांवर ठरते. प्रस्तुत लेखात चित्रपटाची कथा या तीन गोष्टींच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

बीथोव्हनचा पुतळा आणि टेकडीवरचे सभागृह

लोपेझ आणि एअर्स यांची पहिली भेट २००५ च्या प्रारंभी लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागातील पर्शिंग स्क्वेअर या उद्यानाजवळ झाली. तेथे बीथोव्हनचा पुतळा आहे. एअर्स त्याच्याजवळ व्हायोलिन वाजवीत असत आणि त्यांचा सारा संसार खरेदीच्या एका ढकलगाडीत भरलेला असे. बोलता बोलता त्यांनी ज्युलियार्डचा उल्लेख केला. लोपेझ यांनी चौकशी केली असता तो खरा निघाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी एअर्स तेथे डबल बास या वाद्याचे शिक्षण घेत होते आणि आजारामुळे ते अर्धवट सोडून त्यांना घरी परतावे लागले होते.

चित्रपटाने या मूळ हकिकतीत काही फेरफार केले आहेत. डबल बासच्या जागी ज्युलियार्डमध्येही चेलो आला; पडद्यावर त्याचा सूर अधिक गोड लागतो, हे मान्य केले पाहिजे. लोपेझ यांना घटस्फोटित व एकाकी दाखविले आहे. प्रत्यक्षात ते त्या काळी पत्नी व लहान मुलीसह राहत होते. एका माणसाचे एकाकीपण दुसऱ्याच्या एकाकीपणासमोर ठेवल्याने कथेला डौल येतो, यासाठी हा बदल झाला असावा. त्याचा एक परिणाम मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोन एकाकी पुरुषांची कथा झाली की तिसरी बाजू, म्हणजे शहर, पार्श्वभूमीत जाते.

वस्तुतः त्या उद्यानाचा आणि वाद्यवृंदाचा इतिहासच या कथेचा अर्थ पुष्कळ अंशी उघड करतो. लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिक हा वाद्यवृंद १९१९ साली स्थापन झाला. १९२० पासून १९६४ पर्यंत त्याचे कार्यक्रम पर्शिंग स्क्वेअरसमोरील फिलहार्मॉनिक ऑडिटोरियममध्ये होत. बीथोव्हनचा पुतळा १९३२ साली तेथे उभारला गेला तो वाद्यवृंदाच्या संस्थापकाच्या स्मरणार्थ. १९६४ मध्ये वाद्यवृंद बंकर हिल या टेकडीवरील नव्या सभागृहात गेला आणि जुने सभागृह १९८५ मध्ये पाडण्यात आले. पुतळा तेवढा खाली राहिला. एअर्स ज्या ठिकाणी उभे राहून वाजवीत होते ते असे वाद्यवृंदाने सोडून दिलेले अंगण होते. चित्रपटात पुतळा दिसतो, पण तो तेथे का आहे हे सांगितले जात नाही.

बंकर हिलचा इतिहास तर याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टेकडीवर धनिकांचे वाडे होते. धनिक उपनगरांकडे सरकले तसे हे वाडे भाड्याच्या खोल्यांत विभागले गेले आणि तेथे वृद्ध पेन्शनर, एकटे कामगार व अल्प उत्पन्नाची माणसे राहू लागली. १९५९ मध्ये महानगरपालिकेने बंकर हिलच्या पुनर्विकासाची योजना मंजूर केली. पुढील दशकात हजारो रहिवासी हलविण्यात आले, वाडे पाडले गेले आणि टेकडीचा माथाही तासण्यात आला. मोकळ्या झालेल्या भूमीवर कार्यालयांचे मनोरे आले आणि संगीत-नाटकाची सभागृहे आली. ऑक्टोबर २००३ मध्ये उघडलेले, फ्रँक गेरी यांनी रचलेले वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल याच टेकडीवर आहे. त्याच्या उभारणीस सुमारे २७ कोटी ४० लाख डॉलर लागले. लोपेझ यांनी एअर्स यांना बीथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीच्या तालमीस नेले ते याच सभागृहात. चित्रपटातील तो प्रसंग सर्वाधिक गाजला. एसा-पेक्का सालोनेन हे वाद्यवृंद चालवीत आहेत आणि एअर्स यांच्या मनातील संगीत पडद्यावर केवळ रंगांच्या हालचालींनी दाखविले जात आहे, अशी त्याची रचना आहे. प्रसंग निःसंशय सुंदर आहे. ज्या भूमीवर तो घडतो तेथे एके काळी एअर्स यांच्यासारख्या एकट्या, गरीब माणसास परवडतील अशा खोल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवून तो पाहिला तर त्याचा सूर बदलतो.

रुग्णालये कशी रिकामी झाली

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत तीव्र मनोविकाराचा रुग्ण म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाचा निवासी, असे समीकरण होते. १९५५ मध्ये राज्यांच्या व परगण्यांच्या मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. हा त्या व्यवस्थेचा उच्चांक. ही रुग्णालये कशी होती याचे वर्णन दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांसमोर आले. युद्धास नैतिक कारणास्तव नकार देणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना पर्यायी सेवा म्हणून मनोरुग्णालयांत नेमले होते आणि त्यांनी जे पाहिले ते बाहेर सांगितले. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात छायाचित्रांसह लेख आला. अल्बर्ट डॉइच यांचे ‘द शेम ऑफ द स्टेट्स’ हे पुस्तक आणि ‘द स्नेक पिट’ हा चित्रपट, दोन्ही १९४८ चे. गर्दी, मारहाण, उघडीवाघडी माणसे आणि उपचारांच्या नावाखाली कोंडून ठेवणे, हे चित्र कोणासही समर्थनीय वाटले नाही.

त्यातच १९५४ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध अमेरिकेत उपलब्ध झाले. भास आणि भ्रम यांची तीव्रता कमी करणारे हे पहिले परिणामकारक औषध होय. रुग्ण औषध घेऊन घरी राहू शकेल, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना या विषयाची कौटुंबिक झळ बसलेली होती. त्यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ती कायमची परावलंबी झाली. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांनी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात कोठडीवजा रुग्णालयांतील संख्या एक-दोन दशकांत निम्म्याने घटविण्याचे उद्दिष्ट मांडले. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर त्यांनी स्वाक्षरी केली. तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली.

कायद्याचे उद्दिष्ट उदात्त होते. परंतु मूळ कायद्यात पैसा होता तो इमारतींसाठी. कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठीची तरतूद १९६५ च्या दुरुस्तीने आली आणि तीही ठरावीक मुदतीपुरती. नियोजित केंद्रांपैकी जेमतेम निम्मी उभी राहिली. जी झाली त्यांतील कित्येकांचा कल सौम्य तक्रारींच्या रुग्णांकडे होता. रुग्णालयांतून बाहेर पडलेल्या तीव्र रुग्णांचा पाठपुरावा त्यांना झेपला नाही. १९६५ मध्येच सुरू झालेल्या मेडिकेड या आरोग्य साहाय्य योजनेने एक निर्णायक अट घातली. मनोरुग्णालयातील प्रौढ रुग्णाच्या खर्चाचा वाटा केंद्र सरकार उचलणार नाही, मात्र तोच रुग्ण शुश्रूषागृहात किंवा सामान्य रुग्णालयात असेल तर उचलेल. राज्यांच्या अर्थखात्यांना यातील संदेश कळण्यास वेळ लागला नाही. रुग्णाला बाहेर काढणे हे आता मानवतेचे काम तर होतेच, शिवाय त्यात बचतही होती. हा योग दुर्मीळ असतो, आणि म्हणूनच त्याविषयी सावध असावयास हवे होते.

कॅलिफोर्नियाने या बाबतीत पुढाकार घेतला. तेथील लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी १९६७ मध्ये स्वाक्षरी केली आणि तो १९६९ पासून अमलात आला. कायद्याचे जनक रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट अशा दोन्ही पक्षांचे होते. त्यानुसार कोणासही त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करावयाचे तर तो स्वतःस वा इतरांस धोकादायक असला पाहिजे, किंवा अन्न, वस्त्र, निवारा या गरजा भागविण्यास मनोविकारामुळे असमर्थ असला पाहिजे. प्रथम ७२ तास, नंतर १४ दिवस आणि त्यापुढे न्यायालयीन प्रक्रिया, अशी मर्यादा घालण्यात आली. कुणाच्या तरी सांगण्यावरून माणसाला आयुष्यभर कोंडण्याची जुनी रीत यामुळे संपली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनेथ डोनाल्डसन यांच्या खटल्यात याच तत्त्वास घटनात्मक आधार दिला. डोनाल्डसन यांना फ्लोरिडातील रुग्णालयात जवळपास १५ वर्षे ठेवण्यात आले होते, आणि ते कोणास धोकादायक असल्याचा पुरावा नव्हता.

कॅलिफोर्नियातील बेघर मनोरुग्णांचे खापर एकट्या रेगन यांच्यावर फोडण्याची प्रथा आहे. ती इतिहासास धरून नाही. त्या राज्यातील मनोरुग्णालयांत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ३७ हजार रुग्ण होते, ते रेगन गव्हर्नर होईपर्यंतच सुमारे २२ हजारांवर आले होते. रेगन यांचा खरा वाटा पुढचा आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९८० मध्ये समुदायातील सेवांना बळ देणारा मानसिक आरोग्य व्यवस्था कायदा आणला होता. रेगन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९८१ च्या अंदाजपत्रकीय कायद्याने त्यातील बहुतेक भाग रद्द झाला आणि केंद्राचा पैसा घटवून राज्यांना एकगठ्ठा अनुदानाच्या रूपाने देण्यात आला. १९९४ पर्यंत देशभरच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ७२ हजार रुग्ण उरले होते. १९५५ नंतर देशाची लोकसंख्या मात्र सुमारे दहा कोटींनी वाढली होती.

आईचे घर

एअर्स यांचा आजार या बदलाच्या ऐन सांध्यावर उद्भवला. ज्युलियार्ड संस्था १९६९ मध्ये लिंकन सेंटरमधील नव्या वास्तूत गेली होती. त्या काळी तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थी अत्यल्प होते. चित्रपटाने मनात घुमणारे आवाज आणि गोऱ्या वातावरणातील तरुणाचा संकोच ही दोन्ही सूत्रे एकत्र गुंफली आहेत. एअर्स क्लीव्हलँडला परतले, तेथे त्यांच्यावर उपचार झाले, विजेचे झटके देण्यात आले. पूर्वीच्या पिढीतील असा रुग्ण कदाचित उर्वरित आयुष्य रुग्णालयाच्या कक्षात काढता. एअर्स यांना पुन्हा पुन्हा घरी पाठविले गेले. घर म्हणजे आई.

या आईविषयी चित्रपटात फार थोडी दृश्ये आहेत. ती केशभूषेचे दुकान चालवून मुलांना वाढविणारी स्त्री होती. केनेडींच्या कायद्यात ज्या सामुदायिक केंद्राची कल्पना होती, म्हणजे औषधाकडे लक्ष, जेवणखाण, संकटसमयी आधार आणि माणसाचा वावर, ते केंद्र एअर्स यांच्या बाबतीत या घराच्या रूपाने सुमारे तीन दशके चालले. त्यास अनुदान नव्हते, कर्मचारी नव्हते आणि कोणत्याही अहवालात त्याची नोंद नव्हती. २००० मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर एअर्स वडिलांच्या शोधात लॉस एंजेलिसला आले आणि रस्त्यावर राहू लागले. रुग्णालयांतून बाहेर काढलेले रुग्ण लगोलग रस्त्यावर आले, अशी एक सोपी मांडणी केली जाते. एअर्स यांचे चरित्र तिच्यातील उणीव दाखवते. कित्येकांच्या बाबतीत रुग्णालय आणि पदपथ यांच्या दरम्यान एका वृद्ध होत जाणाऱ्या स्त्रीची वीस-तीस वर्षे उभी होती. ती गेल्यावर धोरणाचे अपयश दृश्य झाले, आणि तोवर ते धोरण आखणारे पदावरून केव्हाच गेले होते. या काळाचा इतिहास कायदे आणि खटले यांच्या आधारे लिहिला जातो त्यात अशा घरांना स्थान मिळत नाही, कारण घरे दप्तर ठेवत नाहीत. चित्रपटासारख्या साधनाचे मोल येथे आहे. एअर्स यांच्या बहिणीची व्यक्तिरेखा चित्रपटात आहे. आईनंतर तोच भार दुरून का होईना तिच्यावर येतो, हे त्यात सूचित होते.

स्किड रो

एअर्स राहत होते तो परिसर म्हणजे स्किड रो. मेन ते अलामीडा आणि तिसरा ते सातवा रस्ता यांमधील सुमारे ५० चौकांची ही वस्ती डिस्ने सभागृहापासून पायी अर्ध्या तासाच्या आत गाठता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेस्थानकाजवळ हंगामी मजुरांसाठी स्वस्त हॉटेले, खाणावळी, दारूचे गुत्ते आणि धर्मादाय संस्था यांची येथे दाटी झाली. येथील एकखोली हॉटेले हा गरीब, एकट्या माणसाचा शेवटचा निवारा होता. १९५० नंतर सुरक्षिततेच्या नियमांचे कारण देऊन त्यांतील पुष्कळ पाडण्यात आली. बंकर हिलवरील खोल्या जात होत्या त्याच सुमारास ही हॉटेलेही जात होती, आणि त्याच काळात रुग्णालयांची दारे उघडत होती. तीन निरनिराळ्या खात्यांनी आपापल्या कारणांसाठी घेतलेले हे निर्णय एकाच माणसाच्या डोक्यावर येऊन आदळणार आहेत, हे पाहणारी यंत्रणा कोणतीही नव्हती.

१९७६ मध्ये शहराने या वस्तीबाबत एक धोरण स्वीकारले. वस्ती संपूर्ण उठविण्याचाही विचार झाला होता. त्याऐवजी उरलेली हॉटेले जतन करून बेघरांसाठीच्या सर्व सेवा याच चौकांत एकवटाव्यात आणि बेघरांना येथेच सीमित ठेवावे असे ठरले. वस्ती वाचविणाऱ्या कार्यकर्त्यांचा हा काही अंशी विजयच होता. मात्र अन्नछत्रे, निवारे, दवाखाने सारे येथेच आल्यावर तुरुंग, रुग्णालये आणि शेजारची नगरे आपली नकोशी माणसे येथे आणून सोडू लागली. रक्षणासाठी आखलेली सीमा कोंडवाड्यासारखी झाली. जुन्या मनोरुग्णालयाला निदान छप्पर होते, अशी कठोर टीका या संदर्भात होते. ती पूर्णतः न्याय्य नाही. छपराखाली काय चाले हे १९४६ च्या छायाचित्रांत दिसलेले आहे.

जो राइट यांनी चित्रीकरणात या परिसरातील शेकडो प्रत्यक्ष रहिवाशांना घेतले. चित्रपटाच्या इतिहासात याला एक लक्षणीय पूर्वपीठिका आहे. ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ (१९७५) या चित्रपटाचे चित्रीकरण ओरेगन राज्याच्या प्रत्यक्ष मनोरुग्णालयात झाले होते, रुग्णालयाच्या अधीक्षकांनी त्यात भूमिका केली आणि तेथील रुग्णांनीही निर्मितीत काम केले. १९७५ मध्ये खरे मनोरुग्ण पडद्यावर आणण्यासाठी रुग्णालयात जावे लागले, २००८ मध्ये पदपथावर. त्या चित्रपटाचा नायक रुग्णालयाविरुद्ध बंड करतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने असतात. खिडकी फोडून बाहेर पडणे हीच त्यातील मुक्ती. ‘द सोलोइस्ट’ त्या खिडकीबाहेर काय आहे ते दाखवतो. अमेरिकन चित्रपटांतील मनोरुग्णाच्या चित्रणाचा एक अध्याय या दोन कृतींच्या मध्ये संपतो, असे म्हणावे लागते.

औषध, सक्ती आणि एक शब्द

संगीत व मनोविकार यांवरील चित्रपटांत ‘शाइन’ (१९९६) या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचे नाव प्रथम घेतले जाते. पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉट यांच्या जीवनावरील त्या चित्रपटात अखेरीस वादक पुन्हा रंगमंचावर येतो, टाळ्या मिळवतो आणि कथा पूर्ण होते. ‘द सोलोइस्ट’ने हा मार्ग घेतला नाही, हे त्याचे मोठेपण होय. फिलहार्मॉनिकमधील एक वादक एअर्स यांना चेलो शिकवतो, त्यांचे जाहीर वादन ठरते आणि ऐन वेळी ते कोलमडतात. वाचकाने भेट दिलेला चेलो लोपेझ वस्तीतील लँप या संस्थेत ठेवतात, जेणेकरून वाजविण्याच्या ओढीने एअर्स तेथे येतील. युक्ती प्रेमाची आहे, पण ती युक्तीच आहे. लोपेझ संस्थेच्या संचालकाला एअर्स यांना औषध देण्याविषयी विनवतात आणि संचालक सक्तीला नकार देतो.

हा नकार पटकथाकाराच्या कल्पनेतून आलेला नाही. लँप ही संस्था १९८५ मध्ये मॉली लॉवरी यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि औषध किंवा व्यसनमुक्ती यांची पूर्वअट न घालता प्रथम निवारा देणे ही तिची रीत होती. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेंबेरिस यांनी हीच दिशा ‘प्रथम घर’ या सूत्राने पुढे नेली. एअर्सही साधारण वर्षभराने अशाच एका खोलीत राहावयास गेले. औषधाच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. छिन्नमनस्कतेवरील जुन्या औषधांनी स्नायू ताठरणे आणि हात कापणे हे दुष्परिणाम वारंवार होत. सामान्य माणूस ते सोसू शकेल. ज्याचे सारे विश्व तंतूवर ठेवलेल्या चार बोटांत आहे त्याच्या दृष्टीने बोटांचा कंप किरकोळ नव्हे.

चित्रपटाचा कळस सभागृहात होत नाही, तो एका कागदावर होतो. बहिणीला एअर्स यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मिळावा म्हणून लोपेझ कायदेशीर कागद पुढे करतात. एअर्स तो वाचतात, त्यात स्वतःच्या नावापुढे विकाराचे नाव पाहतात आणि लोपेझ यांच्यावर धावून जातात. मैत्री तुटते ती त्या एका शब्दावर. पुढे समेट होतो, पण रोग बरा झाल्याचे चित्रपट दाखवत नाही. सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून काढलेला हा चित्रपट तेवढेही उत्पन्न मिळवू शकला नाही, यास हा संयमही कारणीभूत असावा. अखेरीस पडद्यावर ओळ येते ती लॉस एंजेलिस परिसरातील ९० हजार बेघरांविषयीची. दोन तासांत न सांगितलेला इतिहास एका आकड्यात आटोपण्याचा हा प्रयत्न केविलवाणा वाटतो.

लोपेझ यांच्या लेखमालेनंतर महापौरांनी वस्तीला भेट दिली, आणि सप्टेंबर २००६ मध्ये ५० जादा पोलीस नेमून तेथे मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी एका संघराज्यीय अपील न्यायालयाने, निवाऱ्यात जागा उपलब्ध नसताना पदपथावर झोपणाऱ्यास शिक्षा करणे घटनाबाह्य ठरविले होते. हा दृष्टिकोन जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी नाकारला. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी घरबांधणीसाठी १२० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली होती. तरीही २०२४ च्या गणनेत परगण्यात ७५ हजारांहून अधिक बेघर आढळले. लँप ही संस्था २०१६ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाली.

दरम्यान १९६७ च्या कायद्याचीही फेरतपासणी झाली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने छिन्नमनस्कतेसारख्या विकारांच्या रुग्णांसाठी न्यायालयाच्या देखरेखीखालील उपचारयोजनेचा कायदा केला. २०२३ मध्ये असमर्थतेची जुनी व्याख्या विस्तारण्यात आली. अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला स्वतःची सुरक्षितता आणि आवश्यक वैद्यकीय उपचार यांचाही तीत समावेश झाला. चित्रपटातील एअर्स आपली जागा झाडून स्वच्छ ठेवतात, खाणे मिळवतात, वाद्य सांभाळतात आणि वाहनांच्या गोंगाटात बोगद्याच्या तोंडाशी तासन्‌तास वाजवतात. जुन्या व्याख्येनुसार त्यांना असमर्थ ठरविणे अवघड होते. नव्या व्याख्येनुसार ते शक्य आहे. तसे घडले असते तर बोगद्यातले वादन थांबले असते, आणि रात्री पदपथावर उंदीर व मारहाण यांच्या सान्निध्यात झोपणेही थांबले असते. यांपैकी कशाची किंमत कशाने चुकवावी याविषयी लोपेझ यांचेच मत त्यांच्या पुस्तकात एकाहून अधिक वेळा बदललेले दिसते.